पंक्चर झालीय का, मॅडम?

"मॅडम, वॉल गेलाय. बदलावा लागेल."

सायकलवाल्या काकांनी मागच्या चाकाच्या ट्यूबमधून नळी उपसून माझ्यासमोर धरली होती. तिच्यावरचं रबर चिकट होऊन डिंकासारखं लोंबत होतं. मी हसायला लागले. हसताना डावा हात आपोआप छातीवर गेला, कारण तेव्हा, मार्चमध्ये, जोरात हसलं की अजून हाडातून कळ यायची. काका बघतच राहिले. त्यांना काय माहीत, सात महिन्यांपूर्वी पुण्यात एका डॉक्टरांनी एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट बघून मला हेच वाक्य ऐकवलं होतं. भाषा तेवढी जरा सभ्य होती.

ज्यांनी नव्या सायकलीच बघितल्यात त्यांच्यासाठी सांगते. जुन्या पद्धतीच्या ट्यूबमध्ये एक बारीक धातूची नळी असते आणि तिच्यावर पातळ रबर चढवलेलं असतं. पंपाची हवा रबर ढकलून आत जाते, पण रबर तिला परत बाहेर येऊ देत नाही. सायकल महिनोन्महिने उभी राहिली की हे रबर कुजतं. हृदयातल्या झडपेचं कामही एवढंच. पुढे जाऊ द्यायचं, मागे येऊ द्यायचं नाही. माझी झडप दोन्ही कामांत नापास झाली होती. नीट उघडत नव्हती आणि नीट मिटतही नव्हती.

दोष खरं तर जुना. माझं माहेर माण तालुक्यातलं. अकरा वर्षांची असताना घसा दुखून ताप आला, गेला, आणि दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा. मग मनगट. आजी म्हणाली, वाढीच्या वयात असं होतंच. डॉक्टरांनी मात्र ओळखलं, हा ऱ्हुमॅटिक ताप, आणि दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू केलं. ते इतकं दुखायचं की त्या दिवशी शाळेत बाकावर एका बाजूला कलून बसायचे. हा ताप सांधे नुसते चाटतो आणि हृदयाला चावतो, अशी डॉक्टरांमध्ये जुनी म्हण आहे. बारावीनंतर मी हॉस्टेलवर गेले आणि इंजेक्शनं थांबली. कुणी थांबवली नाहीत, थांबली. मला काही होत नव्हतं ना.

पुढची पंचवीस-तीस वर्षं खरंच काही झालं नाही. निदान मला कळलं नाही. चाळिशीला टेकताना गिअरची सायकल घेतली, आणि साताऱ्यात सायकल घेतली की माणूस यवतेश्वरच्या घाटाला लागतोच. समर्थ मंदिरापासून चढ सुरू. पावसाळ्यात धुकं, सप्टेंबरात कासला फुलं बघायला निघालेल्या गाड्यांची रांग, आणि वळणावळणावर खाली पसरलेलं सातारा, समोर अजिंक्यतारा. मी काही शर्यतीतली नव्हे. शाळेत गणित शिकवते, रविवारी घाट चढते, वर चहा पिते, खाली येते. वेळ मोजायचे तेवढी. सवय आहे.

ती वेळ वाढायला लागली. पहिल्या वर्षी दोन मिनिटं, मग पाच, मग मध्ये थांबणं आलं. वजन वाढलंय, वय झालंय, पाळी जायची वेळ आलीय, अशी सगळी उत्तरं माझी मीच देऊन टाकली. विद्यार्थ्यानं असं अंदाजपंचे उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. रात्री एका उशीच्या दोन उशा झाल्या. आडवं झालं की घुसमटायला व्हायचं. तेही मी पंख्यावर ढकललं. मग गेल्या वर्षी जुलैत तिसऱ्या वळणावर खोकला सुटला आणि थुंकीत गुलाबी फेस दिसला. तिथून मागे वळले.

एकोत कळलं, मायट्रल झडप आकसलीय. ती पूर्ण उघडते तेव्हा वाट असते साधारण चार ते सहा चौरस सेंटीमीटर. माझी ०.९. आलेखाच्या वहीत एक सेंटीमीटरचा चौकोन असतो बघा, त्याहूनही कमी. हृदयाचा डावीकडचा खालचा कप्पा तेवढ्यातून भरत होता. डॉक्टर म्हणाले, चढावरच त्रास का होतो सांगू? हृदय जोरात धावलं की दोन ठोक्यांमधला भरायचा वेळ कमी होतो. मला लगेच शाळेचं फाटक दिसलं. एकच झाप उघडा, आणि घंटा झाल्यावर सगळी पोरं एकदम. सावकाश सोडलं तर सगळी बाहेर पडतात. घाई केली की मागे व्हरांड्यात चेंगराचेंगरी. माझा व्हरांडा म्हणजे फुप्फुस.

फुग्यानं झडप उघडायचा मार्ग असतो, पण माझ्या झडपेत कॅल्शियम साठलं होतं आणि ती गळतही होती. म्हणजे बदलायचीच.

आता खरा प्रश्न. झडपा दोन जातीच्या. एक प्राण्याच्या ऊतीपासून केलेली. तिला रक्त पातळ करायच्या गोळ्या जन्मभर लागत नाहीत, पण ती साधारण दहा-पंधरा वर्षांनी झिजते आणि पुन्हा बदलावी लागते. दुसरी यांत्रिक. ती झिजत नाही म्हटलं तरी चालेल, पण तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून मरेपर्यंत रोज गोळी. पन्नाशीच्या आतल्या माणसाला साधारणपणे यांत्रिक सुचवतात. मी सत्तेचाळीसची.

"डॉक्टर, मी सायकल चालवते. घाटात."

"चालवा की."

"मग कुठली घेऊ?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "यांत्रिक घेतलीत तर चालवायला हरकत नाही. पडायला हरकत आहे."

गोळीवर असताना खरचटलेलंसुद्धा लवकर थांबत नाही, आणि डोकं आपटलं तर आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. हे घरी सांगितलं तर हे म्हणाले, "तू सायकलसाठी झडप निवडणार आहेस?" त्यांच्या तोंडून ते वाक्य फारच मूर्खपणाचं वाटलं. पण मी खरंच तेच करत होते. ऊतीची घेतली तर मनमोकळी सायकल, आणि साठीच्या आसपास पुन्हा छाती उघडायची. यांत्रिक घेतली तर एकदाच छाती, पण प्रत्येक खड्डा मोजायचा. वहीत दोन रकाने आखले. तीन दिवस त्यात लिहीत होते. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, साठीत तुझी उस्तवार करायला मी असेन का?" रकाने तिथेच संपले. यांत्रिक.

कधीकधी, विशेषतः मोकळा उतार समोर दिसला की, वाटतं दुसरी घ्यायला हवी होती. हे इथे लिहितेय, घरी बोलत नाही.

मला बसवली ती चित्रा झडप, आपल्याकडचीच. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूनं ती घडवली. आधीची तीन मॉडेलं फसली, चौथं जमलं आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवलं. क्रोम-कोबाल्टची चौकट, तिच्यात कलती होणारी टणक प्लास्टिकची चकती, आणि टाके घालायला भोवती पॉलिएस्टरची कडा. परदेशी कार्बनच्या झडपा जास्त वाजतात म्हणे. माझी रात्री डाव्या कुशीवर झोपलं की तेवढी ऐकू येते. हे म्हणतात त्यांनाही येते. मिनिटाला सत्तर धरले तर दिवसाला १,००,८०० वेळा ती चकती उघडते आणि मिटते, वर्षाला ३ कोटी ६७ लाख ९२ हजार. ऑपरेशननंतर झोप येत नव्हती त्या रात्री हा गुणाकार तोंडी केला. औषधांच्या गुंगीत होते, पण सकाळी कॅल्क्युलेटरवर ताडून बघितला, बरोबर निघाला. मेंदूचं काही बिघडलेलं नाही, एवढी खात्री पटली.

नोव्हेंबरात ऑपरेशन झालं. हॉस्पिटलबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांचं सारखंच असतं. फुप्फुसांच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं ते फुंकायचं, खरं तर ओढायचं, खेळणं, खोकताना छातीशी धरायची उशी, आणि खोकल्याची भीती. घरी आल्यावर लक्षात आलं की बाईचं आयुष्य छातीच्या हाडावर उभं आहे. हाड मधोमध कापून स्टीलच्या तारांनी बांधलेलं, म्हणून कुकर उचलायचा नाही, कणीक मळायची नाही, बरणीचं झाकण फिरवायचं नाही. गादीवरून उठताना हातावर जोर द्यायचा नाही, कुशीवर वळून पाय खाली सोडायचे. वह्यांचा गठ्ठाही नाही. तो एक फायदा.

तीन महिने झाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, सपाटीवर सुरुवात करा. मी घरी येऊन थेट गिअरच्या सायकलवर बसले, अंगणातच. हँडल धरून पुढे वाकल्याबरोबर शरीराचा सगळा भार तळहातांतून खांद्यात आणि खांद्यातून बरोबर त्या तारांवर. दहा सेकंदांत उतरले. पाय ठीक, हृदय ठीक, हाड नाही म्हणतंय. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि डॉक्टरांनी तरी का सांगावं? त्यांना काय माहीत माझं हँडल कुठल्या उंचीला आहे.

तेव्हा जिन्याखालची लेकीची लेडीज सायकल आठवली. तिच्या आठवीतली. हँडल उंच, बसणं ताठ, पुढे जाळीची बास्केट. तिचा वॉल कुजलेला, ते वर आलंच आहे. काकांनी नवं रबर चढवलं, चेनला तेल दिलं आणि म्हणाले, "मुलगी चालवणार का परत?" मी म्हटलं, हो.

पहिल्या दिवशी आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. हे मागून चालत होते. चालत! म्हणजे माझा वेग बघा. सासूबाई फाटकात उभ्या, शेजारच्या काकू त्यांना विचारत होत्या, "वॉल बदलला म्हणे?" आणि सासूबाई म्हणाल्या, "दोन्ही."

महिनाभर तेच. मग संगम माहुलीपर्यंत. सकाळी सहाला निघायचं, कृष्णेचा घाट, तिथली मंदिरं आणि शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी. शिकारीत महाराजांचा जीव वाचवला म्हणून कुत्र्याची समाधी बांधली, अशी कथा सांगतात. मी तिथे पाणी प्यायला थांबते. जिवंत कुत्र्यांबद्दल मात्र माझं मत आता पार बदललंय. पूर्वी कुत्रं मागे लागलं की दोन पेडल जोरात मारायचे. आता ब्रेक लावून उतरते, सायकल मध्ये धरते आणि "हाड्" म्हणत उभी राहते. कुत्र्यालाही काय करावं कळत नाही. पळणारं काही नसेल तर त्याचाही अर्धा रस जातो.

किती जोर लावायचा हा दुसरा पेच. मनगटावरच्या घड्याळात नाडी दिसते, पण मेटोप्रोलॉल, म्हणजे ठोके मंद ठेवणारी गोळी, चालू असल्यामुळे ती वर जातच नाही. धापा टाकत असले तरी घड्याळ म्हणतं, सगळं निवांत आहे. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं होतं की बोलता आलं पाहिजे. एकटी कुणाशी बोलणार? म्हणून पाढे. सतराचा सपाटीला, एकोणतिसाचा चढाला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, एकोणतीस चोक सोळोदरसे. "सोळोदरसे"च्या मध्ये श्वास तुटला की गिअर कमी करायचा, नाहीतर थांबायचं. 'सोळो' वर दम संपला आणि 'दरसे' पुढच्या श्वासात गेलं तर ते थांबणं नक्की. आमच्या गुरुजींनी हात उलटा करून पट्टी मारून हा पाढा पाठ करून घेतला होता. त्याचा असा उपयोग होईल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

मे महिन्यात पडले.

सांगण्यासारखं काही नाही त्यात, हेच वाईट. माहुलीहून येताना रस्त्याच्या कडेला बांधकामाची वाळू सांडलेली. मागून ट्रॅक्टर आला म्हणून कडेला घेतली, पुढचं चाक वाळूत फिरलं आणि मी डाव्या कोपरावर आणि कमरेवर आडवी झाले. वेग चालण्याइतकाच. पूर्वी अशा पडण्याला मी पडणं म्हटलंच नसतं. उठले, हेल्मेट चाचपलं. त्याला ओरखडा नाही, म्हणजे डोकं टेकलं नव्हतं. कोपरातून रक्त येत होतं, रुमाल दाबून धरला आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटं. दहा. चौदाव्या मिनिटाला थांबलं. ट्रॅक्टरवाल्या पोरानं बाटलीतलं पाणी दिलं आणि "मावशी, घरी फोन लावू का?" म्हणून तीनदा विचारलं. मी नाही म्हटलं.

घरी येऊन आंघोळ केली, लांब बाह्यांचं घातलं आणि चहा टाकला. दोन तास कुणालाही काही बोलले नाही. मग कमरेकडे बघितलं तर ताटलीएवढा डाग, भरताच्या वांग्याच्या रंगाचा, आणि डोळ्यांदेखत वाढतोय असं वाटलं. तेव्हा सांगितलं. हे चिडले नाहीत, किल्ली शोधायला लागले. किल्ली त्यांच्या हातातच होती. दवाखान्यात रक्त तपासलं, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, ३.१. माझ्यासारखीला २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात, म्हणजे गणित बरोबर होतं, फक्त त्या गणितात ताटलीएवढा डाग धरलेला असतो. डॉक्टर पडल्याबद्दल काही बोलले नाहीत. दोन तास गप्प बसल्याबद्दल मात्र असं बोलले, की नववीच्या वर्गात मीसुद्धा कुणाला कधी बोलले नाही. डोक्याला लागलं असेल नसेल, शंका आली तरी लगेच यायचं. बरं वाटतंय म्हणून थांबायचं नाही. आता हेल्मेटच्या आत आणि बास्केटमध्ये, दोन्हीकडे चिठ्ठी असते. कृत्रिम झडप आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, खाली यांचा नंबर.

डाग जायला महिना लागला. वांगं, मग जांभूळ, मग शेवग्याचा पाला, मग हळद.

पाल्यावरून आठवलं. ॲसिट्रॉमवर, म्हणजे माझ्या रक्त पातळ करायच्या गोळीवर, पालेभाजी बंद, असं साताऱ्यातली प्रत्येक व्यक्ती मला सांगते, त्यात रिक्षावालेही आले. बंद नसते. हिरव्या पाल्यातलं के जीवनसत्त्व गोळीचा जोर कमी करतं, म्हणून रोज साधारण सारखी खायची, एवढंच. आठवडाभर काही नाही आणि रविवारी मेथीचा अख्खा डोंगर, असं नको. पण अळूचं फदफदं पानात आलं आणि एकदाच वाढून घेतलं, यासारखी शिक्षा नाही. छातीची शिवण परवडली.

ऑक्टोबरात पाऊस उघडला आणि मी यवतेश्वरला निघाले. रविवारी नाही, कासच्या गाड्या असतात. दिवाळीच्या सुट्टीतला मंगळवार. सायकल गिअरचीच, पण काकांनी हँडलखाली एक तुकडा बसवून ते वर घेतलंय. समर्थ मंदिराशी हे स्कूटर लावून थांबले, फोन हातात. मागून येऊ नका म्हटलं होतं.

चढाला काही झालं नाही. हेच मला अजून खरं वाटत नाही. पहिलं वळण, दुसरं, एकोणतीस चोक सोळोदरसे अखंड. जिथे गुलाबी फेस आला होता ते तिसरं वळण आलं, तिथल्या कठड्याला हात लावला आणि पुढे गेले. सावकाश, लाज वाटावी इतकं सावकाश. दोन वेळा थांबले. पूर्वीच्या सगळ्यात वाईट दिवसापेक्षा अकरा मिनिटं जास्त लागली. पण छाती भरून येत नव्हती. पाय दुखत होते, नुसते पाय! कित्येक वर्षांत पाय दुखेपर्यंत मी पोहोचलेच नव्हते. त्याआधीच दम संपायचा.

वर चहा घेतला. यांना फोन केला. आणि मग खाली बघितलं.

सगळे लोक चढाला उतरतात, सायकल हातात धरून चालतात, आणि उताराला वारा खात सुसाट येतात. माझं आता उलटं झालंय. चढावर मी पडणार नाही, त्या वेगात पडायला वेळच होत नाही. उतारावर ओलं शेवाळ, वळणावरची खडी, समोरून लेन सोडून येणारी गाडी. जे मला सगळ्यात आवडायचं तेच आता मला चालत नाही. सरळ, कोरडा, नजरेच्या टप्प्यातला तुकडा असेल तर दोन्ही ब्रेक धरून बसते. वळण आलं की उतरायचं आणि कडेनं चालायचं.

तशी चालत होते. खालून दोन पोरं सायकली रेटत, घामाघूम होऊन वर येत होती. त्यातला एक माझ्याजवळ थांबला. उताराला सायकल हातात घेऊन चालणारी बाई त्यानं पहिल्यांदाच बघितली असणार.

"पंक्चर झालीय का, मॅडम?"

"नाही रे."

त्याला पटलं नाही. स्वतःची सायकल कठड्याला टेकवून तो आला, खाली बसला आणि अंगठ्यानं माझं मागचं चाक दाबून बघितलं. मग पुढचं. मग परत मागचं.

"हवा तर टाईट आहे, मॅडम."